सुई, नाडी आणि प्रबंध

नानजिंगच्या हानचोंग रस्त्यावर चिनी वैद्यकाचं मोठं प्रांतिक रुग्णालय आहे. तिथल्या अ‍ॅक्युपंक्चर विभागात शिरताना डोळ्यांआधी नाकाला कळतं, आपण कुठे आलो ते. आपल्या दवण्याच्याच कुळातली एक वनस्पती वाळवून, कुटून तिच्या जाड कांड्या वळतात आणि त्या पेटवून दुखऱ्या जागेला शेक देतात. हा मोक्सा. धूर ओढून घ्यायला खाटांवर नळकांडी बसवलेली आहेत, तरी तो वास पडद्यांत आणि विद्यार्थ्यांच्या पांढऱ्या कोटांत मुरलेला असतो.

सकाळचे आठ वाजताहेत. टेबलाशी एक ज्येष्ठ डॉक्टर, भोवती चार-पाच पदव्युत्तर विद्यार्थी. समोर बसलेल्या टॅक्सीचालकाच्या चेहऱ्याची उजवी बाजू लुळी पडली आहे. डोळा पूर्ण मिटत नाही, चूळ भरताना पाणी ओघळतं. डॉक्टर त्याला भुवया उचलायला सांगतात आणि विद्यार्थ्यांकडे पाहतात. उजव्या बाजूला कपाळावर एकही आठी नाही, म्हणजे बिघाड चेहऱ्याच्या मज्जातंतूत. आठ्या नीट पडल्या असत्या आणि फक्त तोंड वाकडं असतं, तर संशय मेंदूवर गेला असता आणि या माणसाला सुया न लावता आधी स्कॅनला पाठवलं असतं. आपल्याकडच्या कुठल्याही न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत हेच शिकवतात. ते झाल्यावर डॉक्टर रुग्णाच्या मनगटाखाली छोटी उशी सरकवतात आणि तीन बोटं नाडीवर ठेवतात. आधी एक हात, मग दुसरा. जीभ बघतात: रंग, थर, कडेला दातांचे ठसे आहेत का. मग त्यांच्या जागी एक विद्यार्थिनी बसते, तीही तीन बोटं ठेवते आणि हळू आवाजात आपलं निदान सांगते. डॉक्टर तिचं मधलं बोट किंचित खाली दाबतात. ती पुन्हा लक्ष लावते.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘पदवीनंतरचं शिक्षण’ हा विषय काढला, तेव्हा मी चिनी वैद्यक निवडलं ते याच दृश्यासाठी. आधुनिक आणि पारंपरिक अशा दोन्ही रीतींनी एकाच रुग्णाकडे पाहायला शिकवणारी जागा मला बघायची होती. आपल्याकडे आयुर्वेदाच्या शिक्षणावर वर्षानुवर्षं वाद चालू आहे. इथे त्याच प्रश्नाचं एक उत्तर रोज सकाळी ओपीडीत चालवून पाहिलं जातं.

डिसेंबरची परीक्षा

चिनी वैद्यकाची पदवी पाच वर्षांची. त्यात शरीररचना, औषधशास्त्र, एक्स-रे वाचणं हे सगळं येतं, आणि शेजारीच यिन-यांग, नाडी, काढे, सुया. पुढे शिकायचं तर देशभर एकाच वेळी होणारी पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा द्यायची. ती डिसेंबरात असते. एकूण ५०० गुण: १०० राज्यशास्त्राचे, १०० परकीय भाषेचे आणि ३०० चिनी वैद्यकाच्या एकत्रित पेपरचे. मूलतत्त्वं, निदान, औषधी द्रव्यं, काढ्यांची सूत्रं, अंतर्गत रोग, अ‍ॅक्युपंक्चर हे सारं त्या एका पेपरात. वर्षभर विद्यार्थी ग्रंथालयातली जागा पहाटे येऊन धरतात. आपल्याकडच्या नीट-पीजीच्या मुलांना हे वेगळं सांगायला नको.

पास झाल्यावर दोन वाटा फुटतात, आणि कुठली मिळते यावर पुढचं आयुष्य ठरतं. एक व्यावसायिक पदव्युत्तर पदवीची. इथे तीन वर्षांतले किमान ३३ महिने रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून काढावे लागतात. आज मेंदूविकार, उद्या हाडं, परवा स्त्रीरोग, असं वॉर्ड बदलत जायचं. रात्रपाळ्या करायच्या, केस पेपर लिहायचे. शेवटी हातात चार कागद येतात: पदवी, अभ्यासक्रम पूर्ण केल्याचा दाखला, डॉक्टरकीचा परवाना आणि निवासी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. दुसरी वाट संशोधनाची. ती प्रयोगशाळेत जाते; तिथे उंदीर आहेत, सूक्ष्मदर्शक आहेत, संख्याशास्त्र आहे, पण निवासी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र नाही. मोठ्या रुग्णालयात रुग्ण बघायची नोकरी हवी तर ते प्रमाणपत्र लागतंच. म्हणून ओढा पहिल्या वाटेकडे.

परदेशी विद्यार्थ्यांचं दार वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारानं १९७५ मध्ये बीजिंग, शांघाय आणि नानजिंग इथे आंतरराष्ट्रीय अ‍ॅक्युपंक्चर प्रशिक्षण केंद्रं निघाली, तेव्हापासून जगभरचे डॉक्टर काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या अभ्यासक्रमांना इथे येत आले. पूर्ण पदव्युत्तर पदवी चिनी माध्यमातून घ्यायची तर आधी चिनी भाषेची परीक्षा पार करावी लागते. मला तरी अडसर तिथे दिसला नाही. बोलायची चिनी दोन वर्षांत येते. पण ‘हुआंगदी नेइजिंग’ हा पायाभूत ग्रंथ किंवा इ.स. २०० च्या सुमाराचं चांग चोंगचिंगचं तापावरचं लेखन ज्या प्राचीन भाषेत आहे, ती चिनी मुलांनाही वर्गात ओळीनं समजावून घ्यावी लागते. युरोपातून किंवा आफ्रिकेतून आलेला विद्यार्थी तिथे टीकेवरच अवलंबून राहतो.

चार बोटं खाली, एक बोट बाहेर

नानजिंगच्या चिनी वैद्यक विद्यापीठाचा जुना परिसर शहरात हानचोंग रस्त्यालाच लागून आहे, नवा पूर्वेला शियानलिनमध्ये. मेट्रोची एकच लाइन दोन्हींना जोडते. सुई धरायचं शिक्षण सुरू होतं ते कागदाच्या घट्ट बांधलेल्या गठ्ठ्यावर आणि कापसाच्या बोळ्यावर. सुई पाव मिलिमीटर जाडीची, सुमारे चार सेंटिमीटर लांब. नवख्यानं दाबली की कागदात शिरायच्या आधीच वाकते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये ती फिरवत, सरळ, न थांबता आत नेता येईपर्यंत बोटं दुखून येतात. त्यानंतर स्वतःचा पाय. मग शेजारच्याचा. रुग्णाची पाळी या सगळ्यानंतर.

चुसानली या बिंदूचं उदाहरण घेऊ, कारण प्रत्येकाचा पहिला बिंदू बहुधा हाच असतो. गुडघ्याच्या वाटीखाली बाहेरच्या बाजूला जो खळगा लागतो, तिथून रुग्णाची स्वतःची चार बोटं खाली, आणि नडगीच्या हाडापासून एक बोट बाहेर. शिकवणाऱ्याच्या बोटांनी मोजलं तर चूक. लहान मुलाचा पाय लहान, त्याची बोटंही लहान. सुई आत गेली की विद्यार्थी रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहतो. ओढ, झिणझिण्या, फुगल्यासारखं, जड, यांतलं काहीतरी रुग्णाला जाणवायला हवं. त्याच वेळी सुईला खालून पकड आल्याचं विद्यार्थ्याच्या बोटांना कळायला हवं. आत काही लागलंच नाही तर सुई थोडी वर घेऊन पुन्हा खाली. रुग्ण फिकट पडला, घाम फुटला तर सगळ्या सुया काढून त्याला आडवं करायचं. वीस-तीस मिनिटांनी सुया काढताना मोजायच्या. लावल्या तेवढ्या निघाल्याच पाहिजेत. एखादी सुई चादरीत किंवा केसांत राहिली की त्या दिवशी त्या विद्यार्थ्याची खैर नाही.

खांद्याच्या मधोमध, मान आणि खांद्याचं टोक यांच्यामध्ये चिएनचिंग नावाचा बिंदू आहे. मान अवघडलेल्या प्रत्येकाला तो हवा असतो. त्याच्या बरोबर खाली फुप्फुसाचं टोक येतं. एक लाओशी (इथे प्रत्येक शिक्षकाला हेच म्हणतात) तो शिकवताना आधी स्नायू चिमटीत वर उचलून दाखवत होत्या आणि मगच सुई आडवी, उथळ घालत होत्या. कृश रुग्णात ही सुई सरळ खोल गेली तर छातीत हवा भरते, श्वास कोंडतो. शिकाऊ मुलाची सुई जराही सरळ उभी दिसली की त्या त्याचा हात धरत. मी त्यांना विचारलं, हे किती दिवसांत जमतं? त्यांनी उत्तर दिलं नाही, पुढच्या खाटेवर गेल्या.

कुठला शिष्य कोणत्या गुरूचा हे विभागात सगळ्यांना माहीत असतं. एकाच मार्गदर्शकाकडचे विद्यार्थी एकमेकांना थोरला-धाकटा गुरुबंधू म्हणून हाक मारतात, आणि ज्येष्ठानं धाकट्याच्या सुया तपासायच्या हा अलिखित नेम. आपल्या घराण्यातल्या गाण्याची तालीम जशी वहीतून पोचत नाही, तसंच हे हाताचं शिक्षण आहे. पण इथे ते विद्यापीठाच्या हजेरीत आणि वेळापत्रकात बसवलेलं आहे, आणि माझ्या मते हेच इथलं सर्वांत मोठं काम.

ब्राँझच्या पुतळ्यापासून शाळेपर्यंत

हात तपासायची कल्पना जुनी आहे. सोंग दरबारातल्या वांग वेइयी या वैद्यानं १०२७ मध्ये माणसाच्या आकाराचे दोन पोकळ ब्राँझचे पुतळे घडवून घेतले. अंगावर बिंदूंची भोकं, वरून मेणाचा थर, आत पाणी. परीक्षेला बसलेल्यानं बिंदू अचूक टोचला तर मेण भेदून पाणी बाहेर येई, चुकला तर सुई आत जातच नसे. इतक्या सोप्या, निर्विवाद परीक्षा वैद्यकात विरळाच.

एवढी परंपरा असून १८२२ मध्ये चिंग सम्राटानं राजवैद्यक संस्थेतला अ‍ॅक्युपंक्चरचा विभागच बंद केला. पुढे १९२९ मध्ये तर नव्या राष्ट्रीय सरकारपुढे सगळं चिनी वैद्यकच मोडीत काढायचा प्रस्ताव आला आणि वैद्यांनी शांघायला जमून त्याला विरोध केला. आजचं विद्यापीठीय अ‍ॅक्युपंक्चर उभं राहिलं ते या कोंडीतून, आणि त्यात चिआंगसू प्रांतातल्या चेंग दानआन यांचा वाटा मोठा. ते जपानला जाऊन तिथलं शिक्षण पाहून आले, अ‍ॅक्युपंक्चरचं मासिक काढलं, पत्रद्वारे शिकवलं. जाड, जखम करणाऱ्या सुयांऐवजी बारीक सुया रूढ केल्या आणि बिंदूंच्या जागा शरीररचनेच्या नकाशावर आणल्या, रक्तवाहिन्यांपासून दूर. १९५४ मध्ये नानजिंगला प्रांतिक चिनी वैद्यक शाळा निघाली तिचे ते प्रमुख झाले. तीच आजचं विद्यापीठ. बीजिंग, शांघाय, क्वांगचौ आणि चेंगदू इथली महाविद्यालयं त्यानंतर, १९५६ मध्ये निघाली. हजारो वर्षांची परंपरा म्हणून आज जी बारीक सुई जगभर दाखवतात, तिच्यामागे गेल्या शतकातल्या या माणसाची मेहनत आहे. याचं श्रेय त्यांना फार कमी मिळतं.

खोटी सुई

संशोधनाच्या वाटेवरच्या विद्यार्थ्यांच्या टेबलावर मला जे दिसलं, त्यानं मी सर्वांत जास्त विचारात पडलो. प्रबंधात प्रश्न एकच असतो: सुईनं फरक पडला, की सुई टोचली या समजुतीनं? तो सोडवायला खोटी सुई लागते. गोळीच्या जागी साखरेची गोळी देता येते. टोचण्याच्या जागी काय देणार? त्यासाठी जाड चिकटपट्टीत बसवलेल्या बोथट सुया असतात. टोक त्वचेला लागतं, टोचल्यासारखं वाटतं, पण आत काही जात नाही.

जर्मनीतल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल २००७ मध्ये आला. कंबरदुखीचे ११६२ रुग्ण होते. सहा महिन्यांनी खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरनं ४७.६ टक्के रुग्णांना आराम पडला, खोट्यानं ४४.२ टक्क्यांना, आणि नेहमीच्या औषध-व्यायामानं २७.४ टक्क्यांना. ओळखीच्या एका डॉक्टरांनी हे आकडे ‘अ‍ॅक्युपंक्चर निकालात निघालं’ म्हणून मला पाठवले होते. अ‍ॅक्युपंक्चर करणारे तेच आकडे जाहिरातीत ‘दुप्पट फायदा’ म्हणून छापतात. विद्यार्थ्याला दोन्ही एकदम डोक्यात ठेवावं लागतं. नेमक्या बिंदूचा हट्ट डळमळतो, आणि तरीही रुग्ण नेहमीच्या उपचारापेक्षा बरा राहतो. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

‘जामा’ या अमेरिकी नियतकालिकाच्या २०१७ मधल्या एकाच अंकात चीनमधल्या दोन चाचण्या आल्या. एक बीजिंगच्या ल्यू चिशुन यांची. खोकताना-शिंकताना लघवी सुटणाऱ्या ५०४ स्त्रिया, १२ रुग्णालयं, माकडहाडाजवळच्या बिंदूंवर विजेचा सौम्य प्रवाह दिलेल्या सुया. सहा आठवड्यांनी खऱ्या गटात गळती तासाला सरासरी ९.९ ग्रॅमनं घटली, खोट्या गटात २.६ ग्रॅमनं. दुसरी हार्बिनच्या चिनी वैद्यक विद्यापीठाच्या नेतृत्वाखालची: पीसीओएसमुळे मूल होत नसलेल्या १००० स्त्रिया, २७ रुग्णालयं. तिथे खऱ्या आणि खोट्या सुयांत बाळंतपणाच्या प्रमाणात काहीच फरक निघाला नाही. चिनी वैद्यकाच्याच विद्यापीठानं आपला उपचार उपयोगी पडत नसल्याचा निकाल जगासमोर छापून आणला. मला तो पहिल्या निकालाइतकाच महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडच्या पारंपरिक वैद्यकाच्या प्रबंधांत असं ‘नाही’ किती वेळा आलं आहे, हे एकदा मोजून पाहायला हवं.

प्रयोगशाळेत पुन्हा चुसानली भेटतो, या वेळी उंदराच्या मागच्या पायावर. हार्वर्डच्या मा च्योफू यांच्या गटानं चीनमधल्या सहकाऱ्यांबरोबर २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की त्या जागी सौम्य प्रवाह दिला की विशिष्ट मज्जातंतू व्हेगस नसेवाटे अ‍ॅड्रिनल ग्रंथीपर्यंत निरोप पोचवतात आणि सूज कमी होते, तोच प्रवाह पोटावरच्या बिंदूवर दिला तर तो निरोप जात नाही. माणसाच्या रोगावर याचा किती उपयोग हे लांबचं काम आहे. पण जागेला अर्थ असू शकतो, याचा हा एक ठोस धागा.

काढ्याची बाजू

अ‍ॅक्युपंक्चरचा विद्यार्थी काढेही शिकतो. रुग्णालयाच्या औषधालयात दहा-पंधरा द्रव्यांचा कागद येतो, प्रत्येक ग्रॅममध्ये तोललं जातं, आणि हवं तर तिथेच उकळून प्लॅस्टिकच्या हवाबंद पिशव्यांत दिलं जातं. इथे चूक सुईच्या चुकीपेक्षा महागात पडते. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन उतरवायच्या चिनी औषधांत ‘फांगची’ नावाची एक वनस्पती घालायची होती. मिळत्याजुळत्या नावाची दुसरी, अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असलेली, पडली. कित्येक स्त्रियांची मूत्रपिंडं गेली, पुढे काहींना कर्करोग झाला. औषधी द्रव्यं हातात घेऊन, वास घेऊन, तोडून ओळखण्याचे तास अभ्यासक्रमात का आहेत, हे त्यानंतर कुणाला विचारावं लागत नाही.

थू योयो यांचं नाव या विद्यापीठांत ठायी ठायी घेतात. त्या औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीधर. डॉक्टरेट नाही, परदेशी शिक्षण नाही. आधुनिक शिक्षण घेतलेल्यांसाठी चिनी वैद्यकाचा अडीच वर्षांचा वर्ग होता, तो त्यांनी केला. चौथ्या शतकातल्या एका ग्रंथात तापावरची एक वनस्पती पाण्यात भिजवून पिळायची असं लिहिलेलं, उकळण्याचा उल्लेखच नाही, हे त्यांनी लक्षपूर्वक वाचलं. तेव्हा उकळीत गुण जातो हे त्यांनी ओळखलं आणि कमी तापमानात अर्क काढला. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन तिथून आलं, २०१५ चं नोबेलही. ती वनस्पतीही दवण्याच्याच कुळातली.

सोलापूरचा धागा

विभागात हपेइ प्रांतातून आलेला एक निवासी डॉक्टर होता. मी भारतातून, महाराष्ट्रातून आलो म्हटल्यावर तो लगेच म्हणाला, ‘ख दिहुआ!’ सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये याच नावानं ओळखले जातात. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झालेले कोटणीस पदव्युत्तर शिक्षणाच्या तयारीत होते. ते बाजूला ठेवून १९३८ मध्ये ते भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. पथकात पाच डॉक्टर होते. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर आणि बंगालचे डॉ. विजयकुमार बसूही. कोटणीस शल्यचिकित्सक होते, सुया लावणारे नव्हेत. ९ डिसेंबर १९४२ रोजी हपेइतच ते गेले. अ‍ॅक्युपंक्चर भारतात आणलं ते बसूंनी. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ते शिकले आणि कोलकात्यात सुरुवात केली. पुढे लुधियानासारख्या ठिकाणी निघालेल्या अ‍ॅक्युपंक्चर रुग्णालयाला कोटणीसांचं नाव दिलं गेलं.

पश्चिम बंगालनं अ‍ॅक्युपंक्चरचा कायदा १९९६ मध्ये केला. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि त्यातून राज्याची अ‍ॅक्युपंक्चर परिषद आली. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये अ‍ॅक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. काढ्यांचं चिनी वैद्यक मात्र आपल्या आयुष व्यवस्थेत नाही. चीनमधून त्याची पदव्युत्तर पदवी घेऊन आलेल्यानं ती पदवी एमबीबीएससारखी चालेल असं समजू नये.

कायदा आला ही मोठी गोष्ट झाली. पण हानचोंग रस्त्यावर ३३ महिने पाहून मग एकटं सोडलेली मुलं पाहिल्यावर, दोन शनिवार-रविवारांत प्रमाणपत्र देणाऱ्या आपल्याकडच्या जाहिराती वाचून माझ्या अंगावर काटा येतो. चिमटीत स्नायू न उचलता चिएनचिंगवर सुई सरळ घालणारा माणूस रविवारच्या वर्गातूनही बाहेर पडू शकतो. परिषदेनं शिकवण्याचे तास, रुग्णालयातला अनुभव आणि सुईची प्रत्यक्ष परीक्षा यांवर तडजोड करू नये. मराठी मुलांना हे खरंच शिकायचं असेल तर त्यांनी आधी एखाद्या चांगल्या रुग्णालयात, अनुभवी हाताखाली, दोन-तीन वर्षं काढायची तयारी ठेवावी.

आणि वाचकहो, तुम्ही स्वतः सुया लावून घ्यायला जाल तेव्हा लाजू नका, विचारा. परिषदेकडची नोंदणी आहे का ते विचारा. सुई तुमच्यासमोर नव्या, सीलबंद पाकिटातून निघते आहे हे बघा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, गरोदर असाल, हृदयात पेसमेकर असेल तर आधीच सांगा. छाती, मान, खांदा इथे सुई घालताना समोरचा माणूस घाई करत असेल तर त्याला थांबवा. उपचारानंतर छातीत दुखलं किंवा धाप लागली तर वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा. आणि तोंड वाकडं झालं, हातात जोर राहिला नाही, बोबडं बोलायला लागलं, तर सुया नंतर. आधी मेंदूचा स्कॅन.